आधी कागद, मग कर्ज



घरात कॅन्सरचं निदान झालं की पहिला विचार येतो तो जमीन गहाण टाकण्याचा. उसाचं बिल यायला अवकाश असतो, सावकार मात्र दारातच असतो. पण जरा थांबा. आधी रेशनकार्ड, आधारकार्ड आणि तपासणीचे सगळे कागद एका पिशवीत घाला.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, किमोथेरपी, रेडिएशन असे ठरलेले उपचार योजनेतल्या रुग्णालयात विनामूल्य होतात. तिथं ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला पहिल्याच दिवशी गाठा. मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. पदरचे पैसे भरून मागाहून ते योजनेकडे मागायची सोय नाही. घाईची किंमत इथंच मोजावी लागते.

धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. मुंबईत परळला १९४१ पासून चालू असलेल्या टाटा रुग्णालयात समाजसेवा विभाग आहे. ट्रस्टची मदत कशी मागायची, ते तिथं सांगतात. उपचाराच्या प्रवासाला रेल्वेच्या स्लीपर डब्यात रुग्णाला पूर्ण भाडेमाफी, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. रुग्णालयाचा दाखला मात्र हवा.

मदत मागण्यात कसला कमीपणा? गेलेली जमीन परत येणं अवघड. तेव्हा आधी विचारा, मगच गहाणखतावर सही करा.