विटांच्या कारखान्यांतील कलाश्रम

भाजून तडकलेल्या भांड्याची माती पुन्हा चाकावर चढत नाहीं. माती, जळण व श्रम एकदमच वायां जातात. विद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कलावंतास स्वतःची भट्टी परवडत नाहीं, आणि दुसऱ्याच्या भट्टींत धाडस करवत नाहीं.

अमेरिकेंतील माँटाना राज्यांत, हेलेना येथें, आर्ची ब्रे या वीटकारखानदारानें १९५१ सालीं आपल्या आवारांतच मृत्तिकाकलेची एक संस्था काढली. पीटर वॉल्कस व रूडी ऑटिओ हे तरुण तेथें कारखान्याचें काम संभाळून आपली कला जोपासूं लागले. पुढच्याच वर्षीं इंग्लंडचे बर्नार्ड लीच व जपानचे शोजी हामादा तेथें येऊन गेले, आणि हामादांचा हात चाकावर चालतांना या तरुणांनीं जवळून पाहिला. १९५३ सालीं ब्रे निवर्तले. पुढें कारखानाहि बंद पडला. संस्था मात्र आजहि नव्या कलावंतांस राहून काम करण्यास जागा, भट्ट्या व मुख्य म्हणजे अवधि देत आहे.

वॉल्कसांचीं जीं भव्य शिल्पें गाजलीं, तीं हेलेना सोडल्यानंतरचीं होत. पेरणी एका शेतांत, पीक दुसऱ्या! मुलानें वा मुलीनें कलेची वाट धरली कीं ‘मिळकत केव्हां?’ हा प्रश्न आपल्या घरांतून लगेच निघतो. वडीलधाऱ्यांनीं तो विचारूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. एक-दोन वर्षें थांबून विचारावा, इतकेंच आमचें मागणें आहे.