पाचजणी, प्रत्येकीची चाल

आज पाच बायकांच्या एका बँडची ओळख करून घेऊ. बँडचं नाव आर्टेमिस. हा बँड जॅझ वाजवतो.

जॅझ हे संगीत अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलं. आधी ठरलेली चाल सगळे मिळून वाजवतात. मग एकेक जण पुढे येऊन त्या चालीत आपल्याला त्या क्षणी सुचेल ते भरतो. बाकीचे साथ धरतात.

या संगीतात बाई गायला उभी राहिली तर चालायचं. पण ड्रम, ट्रम्पेट ही पुरुषांची वाद्यं, असंच बरीच वर्षं मानलं जायचं. आर्टेमिसमध्ये मात्र ड्रमवर ॲलिसन मिलर आहेत, ट्रम्पेटवर इन्ग्रिड जेन्सन, सॅक्सोफोनवर निकोल ग्लोव्हर आणि बासवर जपानच्या नोरिको उएदा. पियानो वाजवतात कॅनडाच्या रेनी रोझनेस. बँडच्या संगीत दिग्दर्शकही त्याच.

२०२५ साली त्यांचा ‘आर्बोरेस्क’ हा अल्बम आला. नावातच झाड आहे. रोझनेस स्वतः नावाजलेल्या संगीतकार. सगळ्या चाली त्यांनीच केल्या असत्या तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण इथे पाचहीजणींच्या रचना आहेत. उएदांच्या रचनेचं नाव आहे पानांतून झिरपणारं ऊन, तर ग्लोव्हर यांच्या रचनेचं पहिल्या पावसाचा मातीचा वास.

आपल्या गटातही अध्यक्ष असते, हिशेब लिहिणारी असते. पण चाल दर वेळी एकीचीच असते का? पुढच्या बैठकीत आजवर गप्प बसलेल्या मैत्रिणीला आधी बोलू द्या. बाकीच्यांनी साथ धरायची.