आडवी विहीर

विहीर म्हटली की ती उभीच खणायची असे आपण धरून चालतो. पाणी लागेपर्यंत खाली जायचे आणि मग ते मोटेने, रहाटाने किंवा पंपाने वर ओढायचे. पण विहीर आडवी खणली तर? डोंगराच्या पोटात शिरणारा, किंचित चढत जाणारा बोगदा खणला आणि त्याचे टोक भूजलाच्या पातळीखाली पोचले, तर पाणी आपण होऊन बाहेर वाहत येईल. ओढण्याचे काम गुरुत्वाकर्षण करील.

इराणमध्ये ही युक्ती अडीच हजार वर्षांपासून वापरात आहे. तेथे अशा बोगद्याला कनात म्हणतात. अफगाणिस्तानात आणि आपल्या दख्खनमध्ये कारेझ हे नाव रूढ आहे. भुसावळहून खांडव्याकडे जाताना बुऱ्हाणपूर लागते. तेथील ‘कुंडी भंडारा’ ही अशीच रचना आहे. १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानान (हिंदीच्या तासाला ज्यांचे दोहे आपण शिकतो ते रहीम हेच) तेथे कारभार पाहत असताना एका इराणी भूशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली ती तयार झाली. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडे सरकतो. त्याला वाटेतच गाठून शहराकडे वळवले आहे. जमिनीवरून पाहिले तर विहिरींची एक रांगच दिसते. शंभराहून अधिक कुंड्या एकाच बोगद्यावर उघडतात.

एवढ्या कुंड्या कशासाठी? खणलेली माती वर काढायला, आत हवा खेळती ठेवायला आणि पुढे गाळ उपसायला. इराणमधील खणणारे आपल्या पाठीमागे दोन दिवे ठेवून बोगद्याची दिशा सरळ राखत. दिवा मंदावला, तर आतली हवा बिघडली हेही त्यांना कळे. मात्र खरी परीक्षा उताराची असे. उतार जास्त झाला तर वाहते पाणी तळ खरवडते; कमी झाला तर गाळ बसतो. अल्-करजी या गणितज्ञाने सन १०१७च्या सुमारास भूमिगत पाण्यावर एक ग्रंथच लिहिला आणि त्यात समपातळी मोजण्याच्या उपकरणांचे वर्णन केले.

आता थोडे गणित करू. समजा, जमिनीचा उतार शंभरास एक आहे आणि बोगद्याचा हजारास एक. बोगद्याची लांबी ३ किलोमीटर. तेवढ्या अंतरात जमीन ३० मीटर चढते, बोगदा मात्र फक्त ३ मीटर. म्हणजे डोंगराकडच्या टोकाला बोगदा जमिनीखाली २७ मीटरवर असेल. त्या टोकाच्या विहिरीला इराणी लोक ‘आई-विहीर’ अशा अर्थाचे नाव देतात.

कारेझमुळे पंपाची वीज वाचते, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे, पण किती वाचते तेही पाहा. एक लाख लिटर पाणी २७ मीटर उचलायला सुमारे २ कोटी ६५ लाख ज्यूल, म्हणजे साडेसात युनिटांच्या आसपास ऊर्जा लागते. पंपातील नाश धरला तर दुप्पट म्हणा. एवढ्या विजेसाठी कोणी ३ किलोमीटर बोगदा खणणार नाही. कारेझचे महत्त्व मला दुसरीकडेच दिसते, आणि त्यासाठी एक प्रयोग करावा लागेल.

लोणच्याची रिकामी प्लॅस्टिकची बरणी घ्या. तळापासून चार बोटांवर तिला एक भोक पाडा आणि आतून त्यावर चिंधी लावा. एक नळी उभी धरून तिचे खालचे टोक तळाशी टेकवा. त्यालाही चिंधी बांधा. मग बरणी जाड वाळूने भरा. वरून सावकाश पाणी ओता. भोकातून पाणी वाहू लागेल. आधी जोरात, मग पातळी उतरेल तसे हळू, मग थेंबथेंब, आणि पातळी भोकापाशी आली की बंद. वाळूतून पाणी किती वाहते ते दोन ठिकाणच्या पातळ्यांमधील फरकावर अवलंबून असते, हा नियम फ्रान्समधील अभियंता दार्सी याने १८५६ साली मांडला. भोकाखालच्या वाळूत पाणी अजून आहेच, पण भोक त्याला हात लावू शकत नाही.

आता नळीच्या वरच्या टोकाला सुई काढलेली सिरिंज लावून पाणी ओढा. तळाचेही पाणी येईल. त्यानंतर वरून अर्धा कप पाणी ओता. पाऊस पडला! पण भोक कोरडेच. आधी खालची रिकामी वाळू भरते.

भोक म्हणजे कारेझ आणि सिरिंज म्हणजे कूपनलिका. कारेझ फक्त आपल्या तळाच्या वर साठलेले पाणी घेते. दुष्काळात तिचा प्रवाह आटतो आणि गावाला काटकसर करावीच लागते. शेकडो फूट खोल कूपनलिकेला असे कोणतेही बंधन नाही. इराणमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खोल विहिरींवर पंप बसले आणि हजारो कनात कोरडे पडले. त्यांपैकी कित्येकांच्या बांधणीत काहीच दोष नव्हता. पाणीच त्यांच्या तळाखाली गेले होते.

म्हणून जुन्या कारेझचे पुनरुज्जीवन म्हणजे केवळ गाळ काढणे नव्हे. उदगीरच्या शेजारच्या बिदरचे उदाहरण घ्या. बहमनी राजधानीचे हे शहर जांभ्याच्या पठारावर वसले आहे. जांभा सच्छिद्र, त्याखालचा काळा पाषाण सहजी पाणी झिरपू देत नाही. त्यामुळे दोहोंच्या सीमेवर पाणी थबकते. नौबादची कारेझ हेच पाणी गोळा करते. कचऱ्याने व मातीने भरलेली तिची विवरे २०१५च्या सुमारास साफ करण्यात आली, तेव्हा आत पुन्हा पाणी दिसू लागले. सफाईचे हे काम कष्टाचे असले तरी दृष्टीला दिसणारे आहे. त्याची छायाचित्रे निघतात. वरच्या पठारावर पाणी मुरणारी जमीन मोकळी राखणे आणि तेथील कूपनलिकांना आवर घालणे, हे काम अवघड. ते कोणाला दिसत नाही, आणि प्रत्येक कूपनलिकेला मालक असतो.

बुऱ्हाणपूरला आणखी एक अडचण आहे. तेथील पाण्यात चुना विरघळलेला असतो. हवेशी संबंध आला की तो भिंतींवर साचतो आणि वाट अरुंद होत जाते. तरीही चारशे वर्षांनंतर कुंडी भंडाऱ्यात पाणी वाहते आहे. २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याची नोंद झाली.

तुमच्या गावात कारेझ नसेलही, पण एखादी जुनी विहीर नक्की असेल. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. आलेख कागदावर वर्षभराचे बिंदू मांडा. दुसऱ्या वर्षीचे बिंदू त्याच कागदावर वेगळ्या शाईने मांडा.