झाडांची पंगत दुसरी

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघरात रोज हजारो कर्मचाऱ्यांचं जेवण शिजायचं. साली, देठ, शेंगांची टरफलंही त्याच मापात निघायची. २००२च्या सुमारास तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी हा ऐवज कचरागाडीत न घालता वर गच्चीवर नेला. सिमेंटच्या त्या गच्चीवर भाज्या तर आल्याच, चिकू-पेरूही धरले. पुढे त्यांच्या चमूने श्री. अ. दाभोळकरांच्या शेतीप्रयोगांतून आलेली ‘अमृतमाती’ची, म्हणजे पाला कुजवून माती करण्याची वाट धरली. तिथे मुख्य ऐवज वाळक्या पाल्याचा.

हा पाला कशाला? ओला कचरा थेट कुंडीत घातला तर काय बिघडतं?

बिघडतं ते असं, की झाडाला भाजीचं देठ खाता येत नाही. देठातला नायट्रोजन प्रथिनांत अडकलेला असतो आणि मुळं मुख्यतः अमोनियम किंवा नायट्रेट या विरघळलेल्या रूपातच तो शोषतात. त्यामुळे पहिली पंगत जिवाणू आणि बुरशीची. त्यांचं जेवून झालं की उरेल ते झाडांना. या पहिल्या पंगतीला नायट्रोजनच्या एका वाट्यामागे कार्बनचे २५ ते ३० वाटे लागतात. नुसत्या भाजीच्या कचऱ्यात कार्बन त्यामानाने कमी. मग जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो, आणि नाक चुरचुरतं ते यानेच. त्यात ओल्या कचऱ्यात पाणीच तीन-चतुर्थांशाच्या आसपास. ते फटींत भरलं की हवा कोंडते आणि खताची बादली सडक्या अंड्यासारखी घाण मारू लागते. पाचोळा दोन्ही दुखणी एकदम निस्तरतो. आपण मात्र तोच झाडून, ढीग करून पेटवतो! उसाची चिपाडंही चालतात, ती कोपऱ्यावरच्या रसवंतीत मिळतील.

उलट न कुजलेला पाचोळाच मातीत कालवला, तर जिवाणू मातीतला नायट्रोजन उसना घेतात आणि तोवर रोप पिवळं पडतं. उरलेली आमटी-भाजी सरसकट ओतू नये, कारण तिच्यातलं मीठ कुंडीत साचत जातं. अंड्याच्या कवचांबद्दलचा उत्साह मला थोडा अनाठायी वाटतो. अख्खी टाकली तर ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात. निदान पूड तरी करावी.

साधारण घनमीटरभर ढीग असेल तर जिवाणूंच्या धडपडीने तो आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो आणि बहुतेक बिया, रोगजंतू मरतात. बाल्कनीतल्या बादलीत ही ऊब टिकत नाही. खत होतं, पण सावकाश. बियाही जगतात. मिरचीच्या कुंडीत कुणीही न लावलेला टोमॅटो डोकं वर काढतो, तो असा.