शांततेच्या काळात सैनिकाच्या गणवेशाचा खर्च कोण करतं?



"युद्धच नाही, तर सैन्यावर एवढा खर्च कशाला?" असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. साधं उत्तर द्या. युद्ध नसलं तरी जवान रोज कवायत करतो, पहारा देतो, डोंगर चढतो. घामानं, उन्हानं, धुण्यानं कपडा विरतोच. त्यामुळे गणवेशाचा खर्च थांबत नाही. तो करायचा कोणी, हा खरा प्रश्न.

बारगीर आणि शिलेदार

शिवकालीन घोडदळातले हे दोन शब्द मुलांना माहीत असतात. बारगिराला घोडा आणि शस्त्रं सरकारातून मिळत. शिलेदार ती स्वतःची आणायचा. पुढे इंग्रजांनीही घोडदळात शिलेदारी पद्धत ठेवली. घोडा, खोगीर, गणवेश हे सगळं स्वारानं पगारातून बघायचं. सरकार मुख्यतः बंदूक आणि दारूगोळा देई.

आपल्या धाराशिवचा संबंध

निजामाच्या खर्चानं, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज होती. १८०० च्या तहाप्रमाणे निजामानं फौज द्यायची ती युद्धात. ही फौज मात्र शांततेतही कायम पोसावी लागे. पगार थकला, कर्ज वाढलं. शेवटी १८५३ च्या तहानं वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला धाराशिवचा मुलूख तिच्या खर्चासाठी इंग्रजांकडे गेला. नळदुर्गला कारभार पाहायला मेडोज टेलर आला. १८६० मध्ये आपला भाग निजामाला परत मिळाला. म्हणजे बघा, त्या सात वर्षांत इथल्या शेतकऱ्यानं भरलेल्या साऱ्यातून त्या फौजेचा पगार निघत होता. तिचं घोडदळ शिलेदारी पद्धतीचं, म्हणून स्वाराचा गणवेश त्याच पगारातून!

आज काय होतं?

आज दोन्ही पद्धती एकत्र चालतात. सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ पासून, वर्षातून एकदा पोशाख भत्ता मिळू लागला. तेव्हा ठरलेली रक्कम जवानाला १०,००० आणि अधिकाऱ्याला २०,००० रुपये. धुलाई, बूट यांचे वेगळे भत्ते त्यातच धरले गेले. सियाचिनसारख्या ठिकाणचे खास कपडे मात्र सरकारच देतं.

१५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनी नवा लढाऊ गणवेश दाखवला गेला. नक्षी 'निफ्ट' संस्थेच्या मदतीनं तयार झाली. कोणीही तसाच गणवेश शिवून विकू नये, म्हणून तिची नोंदणी केली. पहिले ५०,००० संच लष्करी कॅन्टीनच्या १५ डेपोंत गेले; त्यात मुंबई आणि खडकीही होते. जवानांसाठी पुढे ११.७० लाख संचांची खरेदी ठरली. एका संचाचं आयुष्य धरलं १५ महिने.

शाळेशी जोडून पाहा

समग्र शिक्षा अभियानात दोन गणवेशांसाठी विद्यार्थ्यामागे ६०० रुपये मिळतात. खरेदी शाळा व्यवस्थापन समितीनं करायची की राज्यानं एकत्र, यावर गेल्या काही वर्षांत किती चर्चा झाली, हे आपण पाहिलंच आहे. एकत्र खरेदीत रंग आणि कापड सगळीकडे सारखं राहतं. गावात शिवला तर शिंपी मुलाच्या अंगावर माप घेतो. लष्करालाही हीच दोन टोकं सांभाळावी लागतात: नक्षी एकच हवी, आणि प्रत्येकाच्या अंगाला नीट बसायलाही हवी. डोंगर चढताना काखेत उसवणारा गणवेश स्वस्त मिळाला तरी महागच पडतो.

वर्गात करून घ्या

१) १५ महिन्यांना एक संच, तर ५ वर्षांत एका जवानाला किती संच? (४)
२) शाळेत ८० मुलं असतील, तर वर्षाचा गणवेश खर्च किती? (४८,००० रुपये)
३) चर्चा: पैसे हातात द्यावेत की गणवेश? बारगीर व्हायला आवडेल की शिलेदार?

तिसऱ्या प्रश्नाला मुलांना भरपूर वेळ द्या. घरी पालकांनीही हा विषय काढून पाहावा. सरकारी खर्च म्हणजे आपल्याच घामाचा पैसा, हे मुलांना त्यातून आपोआप कळतं.