पावसात वाट बंद होण्याआधी

२१ जुलै २०२१ ची रात्र आपल्या भागातील लोक विसरले नसतील. उंबरमाळी स्टेशनात रुळांवर पाणी चढले, कसारा घाटात लोहमार्गाचे नुकसान झाले आणि टिटवाळा ते इगतपुरी गाड्या बंद पडल्या. अशा वेळी चर्चा होते ती गाड्यांची. पण ज्याची रक्तदाबाची गोळी त्याच दिवशी संपली, त्याने काय करायचे?

मिरगाआधी आपण लाकूडफाटा, सुकी मासळी घरात भरून ठेवतो. त्याच यादीत औषधांचा डबाही हवा. रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स यांची औषधे पावसाळाभर निदान पंधरा दिवसांची शिल्लक ठेवावीत. फिट्सची गोळी एकदम बंद झाली तर झटका येण्याचा धोका वाढतो.

इन्सुलिनची वापरात असलेली बाटली थंड, सावलीच्या जागी साधारण चार आठवडे टिकते. वीज गेली तर न उघडलेल्या बाटल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माठातील पाण्यात ठेवाव्यात. बर्फात ठेवू नयेत. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

पुराचे पाणी विहिरीत मिसळले की जुलाब सुरू होतात. पाणी खळखळ उकळूनच प्यावे. जलसंजीवनीची पाकिटे संपली असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा घ्यावा. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली, तर घरी थांबू नये.

पाण्यामुळे बिळांतून निघालेले साप घरात शिरतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा वेदनाही होत नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात. म्हणून खाटेवर झोपावे, मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचावी. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. अंगठी, बांगड्या काढाव्यात, हातापायाला फळी बांधून तो हलू देऊ नये आणि रुग्णाला चालवू नये. भगताकडे गेलेला वेळ परत मिळत नाही. विषावरचा इलाज म्हणजे प्रतिविषाचे इंजेक्शन, आणि ते रुग्णालयातच मिळते.

सर्वांत मोठी काळजी गरोदर बाईची. शहापूर, मुरबाडच्या कित्येक पाड्यांवरून आजही तिला झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. ओढा भरला की तीही वाट बंद होते. म्हणून दिवस भरत आले की कळा सुरू होण्याची वाट पाहू नये. आठ-दहा दिवस आधीच तिला रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे आणावे. अंगावर पाणी गेले, रक्तस्राव झाला, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच रुग्णालय गाठावे. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. ती कोठपर्यंत येऊ शकते, हे आशाताईंना आधीच विचारून ठेवा.

भातलावणीनंतर ताप येऊन पिंढऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर लेप्टोचा संशय घ्यावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पाऊस किती पडावा, हे आपल्या हाती नाही. औषधांचा डबा मात्र आज संध्याकाळीही भरता येईल.