करवतीचे दात

संपादकांनी सुतारकामावर लिहावयास सांगितले तेव्हा त्यांच्या मनात नक्षीची दारे आणि रंध्याने उजळलेले सागवान असावे. परंतु कळवणला एका वयोवृद्ध सुताराच्या पडवीत जाऊन बसल्यावर, ज्या हत्याराची मशागत करण्यात त्यांचा अर्धा दिवस जातो त्या करवतीवरून माझी नजर हलेना.

मोहेंजोदडोच्या उत्खननात तांब्याच्या करवती सापडल्या आहेत, आणि नांगर, पाभर, गाडी यांची डागडुजी करून खळ्यावर बलुते घेणारा सुतार बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत गणला जाई, एवढा इतिहास येथे पुरे.

करवत जाताना कापते आणि येतानाही कापते, असे आपण म्हणीत म्हणत आलो. प्रत्यक्षात सुताराची हातकरवत एकाच फेरीत कापते. विलायती धाटणीची करवत ढकलताना कापते, तर जुन्या देशी करवतीचे दात मुठीकडे झुकलेले असल्यामुळे ती ओढताना कापते. ओढताना पाते ताणलेले राहत असल्याने पातळ पत्राही दुमडत नाही, आणि जमिनीवर बसून पायाने लाकूड दाबणाऱ्या कारागिराला तीच सोयीची. जपानी सुतारही ओढूनच कापतात, हे सांगितल्यावर नाना (त्यांना सारे नानाच म्हणतात) किंचित हसले आणि पुन्हा कानशीकडे वळले.

धार लावण्याचा तो विधी पाहण्यासारखा होता. दोन फळ्यांच्या चिमट्यात पाते दात वर करून आवळले. प्रथम सपाट कानस फिरवून सर्व दातांची उंची एक केली. मग तिकोनी कानशीने एकाआड एक दात घासून करवत उलटी केली आणि उरलेले दात दुसऱ्या बाजूने घासले. लाकडाच्या रेषेबरोबर उभे चिरायचे असेल तर कानस पात्याशी काटकोनात, म्हणजे प्रत्येक दात बारीक पटाशीसारखा तासतो. रेषा आडव्या तोडायच्या असतील तर कानस तिरपी, म्हणजे दाताला सुरीची धार येते. उभ्या चिरणीला इंचाला पाचसहा दात पुरतात, आडव्या कापाला आठदहा लागतात, आणि सांध्याच्या नाजूक कामाला बारा किंवा अधिक. अखेरीस एक दात डावीकडे, एक उजवीकडे, अगदी किंचित झुकवायचा, जेणेकरून चीर पात्याहून रुंद पडावी. हा झुकाव कमी पडला तर ओल्या बाभळीत करवत आवळली जाते, अधिक झाला तर काप ओबडधोबड येतो.

कापताना त्यांची तर्जनी मुठीवर सरळ पसरलेली, खांदा, कोपर आणि पाते एका रेषेत. पहिल्या दोनतीन हलक्या फेऱ्यांना डाव्या अंगठ्याचा आधार. जोर असा कोठेच दिसला नाही.

तथापि या कौशल्याला मागणी उरली आहे काय, हा प्रश्न टाळता येत नाही. बाजारात आता मिळणाऱ्या कित्येक करवतींच्या दातांची टोके विजेच्या उष्णतेने इतकी कठीण केलेली असतात की कानस त्यांवर नुसती घसरते. धार गेली की करवत भंगारात. लाकूड मिळवणेही सोपे राहिलेले नाही. सागाचे झाड स्वतःच्या बांधावरचे असले तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, शेतकरी आदिवासी असेल तर १९६९ चा आणखी एक कायदा लागू होतो, आणि मग वाहतुकीचा परवाना; १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आरागिरण्यांवरही बंधने आली. जंगल राखण्यासाठी हे आवश्यकच होते, पण दरखास्त आणि कचेरीचे हेलपाटे सोसण्यापेक्षा लोखंडी अँगलची कांदाचाळ बरी, असे शेतकऱ्यास वाटले तर त्याला दोष कसा द्यावा? गाडीची लाकडी चाके गेली, रबरी टायर आले. नांगर ट्रॅक्टरला जोडला गेला. नानांचा मुलगा फर्निचर करतो, प्लायवूडचे, विजेच्या करवतीने, आणि त्याचे काम चोख असते.

ज्याला हाताने लाकूड कापावयाचे आहे, त्याने करवत घेताना पाते धनुष्यासारखे वाकवून सोडावे; ते पुन्हा अगदी सरळ होत नसेल तर घेऊ नये. दात कानशीने घासता येतात का, हे दुकानदाराला विचारावे, आणि त्याच खेपेस एक तिकोनी कानसही विकत घ्यावी.